आठवडा कसा गेला, हे मुलालाच विचारा

दोन कोरे कागद घ्या. एक स्वतःकडे ठेवा, दुसरा मुलाला द्या. लिहून हात भरून येत असतील तर त्याने सांगावं आणि ताईने, आजोबांनी किंवा शेजारच्या दादाने उतरवून घ्यावं. आईबाबांनी ते काम करू नये. दोघांनाही प्रश्न तेच: गेला आठवडा कसा गेला, दहापैकी गुण किती, काय छान झालं, कशाचा वैताग आला. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. रविवारी संध्याकाळी कागद बदलून वाचायचे.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या घरात हे दोन कागद सहसा जुळत नाहीत. आईच्या कागदावर असतं: दोनदा पडला, जमिनीवरून उठताना आधी एक हात टेकायचा, आता दोन्ही हात मांडीवर टेकवत वर येतो, पोटऱ्या आणखी कडक झाल्यात. गुण चार. मुलाच्या कागदावर पडण्याचा उल्लेखही नसतो. तिथे असतं: मधल्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि मला वर्गात बसवून ठेवलं. मामा आला तेव्हा रात्री उशिरापर्यंत मॅच बघितली. बाबा डॉक्टरांशी बोलतात तेव्हा मला बाहेर पाठवतात. गुण सात.

असं सगळीकडेच दिसतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांनी मुलांच्या आयुष्याचा दर्जा मोजण्यासाठी २३ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिचं नाव पेड्सक्यूएल. तिचे दोन नमुने असतात, एक मुलाने भरायचा, एक पालकांनी. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलांवर ही प्रश्नावली वापरली गेली तेव्हा अनेक अभ्यासांत पालकांनी दिलेले गुण मुलांनी स्वतःला दिलेल्या गुणांपेक्षा कमी निघाले. शरीराच्या बाबतीत मुलंही स्वतःला कमीच गुण देतात. मैत्री, मन, मजा यांच्या बाबतीत मात्र आजार वाढला म्हणून गुण त्याच मापाने घसरतात, असं दिसत नाही. जाणकारांचाही अंदाज असाच चुकतो. जॉन बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये व्हेंटिलेटरवर असलेल्या ड्युशेनच्या तरुणांना त्यांच्या समाधानाबद्दल विचारलं आणि तोच प्रश्न आरोग्यसेवेतल्या माणसांनाही विचारला. रुग्णांच्या समाधानाचा त्यांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच खाली होता.

पण म्हणून पालकांचे चार गुण खोटे ठरत नाहीत. पालक मुलाकडे बघतात तेव्हा त्यांना त्याच वयाची इतर मुलं दिसतात, गेल्या वर्षीचा त्याचाच जिना दिसतो आणि गुगलवर वाचलेलं पुढचं सगळं दिसतं. मुलाला आजचा मंगळवार दिसतो. शिवाय पालकांच्या गुणांत त्यांची स्वतःची झोप, कंबर आणि हप्ते मिसळलेले असतात. तेव्हा दोन्ही कागद खरे धरा, पण कुठला कागद कशासाठी वापरायचा हे ठरवून घ्या. मुलाचा दिवस बदलायचा असेल तर त्याचा कागद पुढे ठेवा. तुमच्या कागदावर जे आहे ते बरंचसं तुमचं आहे, आणि त्याचीही सोय करावी लागते. या लेखात दोन्हींबद्दल लिहितो आहे, पण जास्त जागा मुलाच्या कागदाला.

आधी आजाराबद्दल, कामापुरतं. मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे एका कुटुंबातल्या अनेक आजारांचं नाव आहे: ड्युशेन, बेकर, लिंब-गर्डल, आणखी काही. त्यांचा वेग वेगळा, वारसा वेगळा. ‘एमडी आहे’ एवढ्यावर थांबू नका, प्रकार जनुकीय तपासणीतून नक्की करून घ्या. मुलांमध्ये ड्युशेन सगळ्यात जास्त आढळतो, साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असतो. १९८६-८७ मध्ये सापडलेलं हे जनुक माणसाच्या सगळ्यात मोठ्या जनुकांपैकी एक, त्याचे ७९ खंड. म्हणूनच ७/९, म्हणजे ७ सप्टेंबर, हा जागतिक ड्युशेन दिवस. बऱ्याच मुलांची सुरुवात पोटाच्या डॉक्टरांकडे होते, कारण रक्तात एसजीपीटी वाढलेलं दिसतं आणि यकृताची औषधं सुरू होतात. हे एन्झाइम स्नायूंतूनही येतं. चालताना चवड्यावर जाणाऱ्या, उशिरा चालू लागलेल्या मुलाचं एसजीपीटी वाढलेलं असेल तर सीपीके ही साधी रक्ततपासणी आधी करायला सांगा. ड्युशेनमध्ये तो आकडा हजारोंच्या घरात जातो.

आणि ‘हे आईकडून आलं’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू देऊ नका. ड्युशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे आई वाहक असू शकते, पण साधारण एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो. आईची तपासणी दोन कारणांसाठी करायची: पुढचं मूल, बहीण, मावशी यांना माहिती मिळावी म्हणून; आणि वाहक असलेल्या स्त्रीच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, तेव्हा तिचीही टू-डी इको होत राहावी म्हणून. सासरच्या मंडळींना जनुकशास्त्र समजावत बसण्यापेक्षा समुपदेशनाच्या भेटीला आजीलाच सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात टिकतं.

विचारायचं कसं

‘बरा आहेस ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर येतं. आईचा चेहरा बघून मुलं उत्तर बेततात, हे आठ-नऊ वर्षांची पोरंही सफाईने करतात. म्हणून समोरासमोर बसवून विचारू नका. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवरून गाडी चाललेली असताना, रात्री पोटऱ्या ताणून देताना, दोघांची नजर दुसरीकडे असताना विचारा. प्रश्न छोटा, एका प्रसंगाचा हवा. आज डबा कोणाबरोबर खाल्लास? शाळेत लघवीला गेलास का? कोणी नेलं? या आठवड्यात सगळ्यात जास्त राग कधी आला? पाच-सहा वर्षांच्या मुलाला हसरा, मख्ख आणि रडका असे तीन चेहरे काढून द्या आणि बोट ठेवायला सांगा.

ड्युशेनमध्ये मेंदूतलंही डिस्ट्रॉफिन कमी असतं. त्यामुळे काही मुलांना ऐकलेलं लक्षात ठेवणं, सलग सांगणं जड जातं. एकाग्रतेच्या अडचणी, स्वमग्नतेची लक्षणं, एकाच गोष्टीवर अडून बसणं हेही इतर मुलांपेक्षा जास्त दिसतं. ‘हट्टी झालाय, लाडाने बिघडलाय’ असं म्हणण्याआधी हे तपासून घ्या. त्यात चालणं टिकवायला दिलं जाणारं स्टिरॉइड सुरू असेल तर चिडचिड वाढते. तो राग औषधाचाही असू शकतो, आणि डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलून बघू शकतात. स्वतःहून मात्र स्टिरॉइड एकदम बंद करू नका. शरीराला त्याची सवय झालेली असते आणि अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

तीन-चार महिन्यांनी हेच प्रश्न परत विचारा, तारीख घाला आणि कागद फाइलला लावा. डॉक्टरांची भेट दहा-पंधरा मिनिटांची असते आणि त्यात रिपोर्ट बोलतात. फाइलच्या पहिल्या पानावर मुलाने सांगितलेल्या तीन गोष्टी असतील तर बोलणं त्यांवर येतं.

सोसायटी, संडास आणि शाळा

मुलांच्या कागदांवर सारख्या दिसतात त्या गोष्टी साध्या असतात: मित्र, बाहेर जाणं, आणि संडास-बाथरूम.

नवी मुंबई आखून वसवलेलं शहर म्हणून आपण मिरवतो. पण सिडकोच्या जुन्या इमारती चार मजली, बिनलिफ्टच्या. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोलीत हजारो घरं अशी आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहणारा मुलगा सात-आठ वर्षांचा होईपर्यंत बाबा त्याला खांद्यावर घेऊन चढतात, मग एक दिवस कंबर धरते आणि मुलाचं खाली जाणं बंद होतं. निर्णय त्या दिवसाच्या आधी घ्या. भाड्याने का होईना, तळमजला किंवा लिफ्टची इमारत गाठायची. नाव तिसऱ्या मजल्याच्या घरावर तसंच ठेवून ते भाड्याने देणं आणि त्याच सेक्टरमध्ये तळमजल्यावर राहणं, ही तडजोड बऱ्याच घरांना परवडते. सेक्टर तोच ठेवा, कारण मित्र तिथे आहेत. पुनर्विकासाची बोलणी चालली असतील तर लिफ्टचा आणि दारांचा आकार आराखड्याच्या वेळीच मांडा.

तळमजल्यालाही तीन-चार पायऱ्या असतातच. सोसायटीत ‘रॅम्प आहे की’ असं ऐकवलं जातं आणि तो असतो मोटारसायकल चढवायला केलेला खडा उतार. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण एकास बारा. सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची, तिला २४ फूट लांबीचा रॅम्प लागतो. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवता येतो. हा हिशेब कागदावर मांडून, कंत्राटदाराचा दर जोडून सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घालायला लेखी अर्ज द्या. ‘आमच्या मुलासाठी’ असं न म्हणता सोसायटीतले गुडघे बदललेले दोन-तीन आजी-आजोबा सोबत घ्या. ठराव पटकन होतो.

आता बाथरूम. बारा वर्षांच्या मुलाला आईने अंघोळ घालणं दोघांनाही नकोसं असतं, पण बोलत कोणी नाही. दार अरुंद असतं, खुर्ची आत जात नाही, मग उचलून न्यावं लागतं. दार तीन फुटी करून घेणं, उंबरठा काढणं आणि चाकांची, खाली भोक असलेली अंघोळीची खुर्ची आणणं, या तीन गोष्टींत बहुतेक काम होतं. ती खुर्ची कमोडवर तशीच सरकते. हँडशॉवर मुलाच्या हातात द्या. जेवढं त्याला जमतं तेवढं त्याने करावं, पाठ दुसऱ्याने. मुलगा वयात आला की हे काम बाबा, काका किंवा पुरुष मदतनीस यांच्याकडे द्या, निदान त्याला विचारा तरी.

उचलण्याची एक गोष्ट सगळ्यांना शिकवा, वॉचमनलाही. काखेत हात घालून वर ओढायचं नाही. या मुलांचे खांद्याचे स्नायू ढिले असतात, हात वर जातात आणि मूल सटकन खाली निसटतं. एक हात पाठीमागून, एक हात दोन्ही मांड्यांखालून. दोघे असतील तर एकाने मागून छातीभोवती मुलाचीच मनगटं धरून, दुसऱ्याने गुडघ्यांखालून. फिजिओथेरपिस्टला हे एकदा घरी येऊन, तुमच्याच पलंगावर आणि तुमच्याच बाथरूममध्ये दाखवायला सांगा. वीस किलोचा मुलगा चाळीसचा होणार आहे. पुढे उचलणारा पट्ट्याचा हॉइस्ट घ्यावा लागला तर तोही आजच बघून ठेवा.

शाळेत सगळ्यात वाईट गोष्ट निकालपत्रात दिसत नाही: मूल दिवसभर पाणी पीत नाही. संडासला नेणारं कोणी नसतं, मित्राला सांगायची लाज वाटते, म्हणून सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत तोंड कोरडं ठेवून बसायचं. हे पोरांनी स्वतः शोधलेलं शहाणपण आहे आणि आईला ते बाटली भरलेली परत आल्यावर कळतं. शाळेशी पहिलं बोलणं यावर करा. कोण नेणार, कुठल्या वेळी, तळमजल्यावरचं स्वच्छतागृह कुलूपबंद तर नाही ना. खुर्चीवरून उठणं जमत नसेल तर यूरिनलचं भांडं आणि पडदा एवढ्यावरही भागतं.

दुसरं बोलणं वर्गाच्या मजल्याचं. इयत्ता वाढली की वर्ग वर सरकतो, ही शाळेची रीत. तुमच्या मुलाची पूर्ण तुकडी खाली आणायला सांगा. एकट्या मुलाला ‘खालच्या तुकडीत’ टाकलं तर मित्र जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि सोयी करून देणं ही सरकारी, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी आहे. ‘विशेष शाळेत घाला’ असं शाळा म्हणू लागली तर निवड तुमची आहे, एवढं नम्रपणे लेखी कळवा. परीक्षेला लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळू शकतात. अर्ज दहावीच्या फॉर्मबरोबर धावपळीत करू नका, आठवी-नववीपासून लेखनिकाबरोबर लिहिण्याचा सराव हवा. सांगून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे.

पीटीच्या तासाला गुणफलक लिहायला बसवणं ही सोय आहे असं शिक्षकांना वाटतं. मुलाला विचारा त्याला काय वाटतं. बोच्चा नावाचा चेंडूंचा खेळ १९८४ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे आणि त्यातला बीसी-४ हा गट मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या, मेंदूच्या इजेतून न आलेल्या तीव्र शारीरिक दिव्यांगत्वासाठीच आहे. वर्गातली चालती मुलंही तो बसून खेळू शकतात. चेंडू मऊ, जागा बॅडमिंटन कोर्टाएवढी. एकदा वर्गात सुरू झाला की तुम्हाला मध्ये पडावं लागत नाही.

खुर्ची

पालक आणि मूल यांच्यात सगळ्यात मोठी दरी व्हीलचेअरवरून पडते. घरात ती येणं म्हणजे हार, असं आईबाबांना वाटतं. ‘खुर्चीत बसवला की चालणं सुटेल’ ही भीतीही असते. मग मूल भिंत धरधरून, घाबरत, दिवसभराची सगळी ताकद शाळेच्या व्हरांड्यात संपवतं आणि संध्याकाळी खेळायला उरत नाही. खुर्ची आल्याने आजार पुढे सरकत नाही. घरात चालायचं, लांबच्या अंतराला खुर्ची, असं काही वर्षं दोन्ही चालतं. स्टिरॉइड न घेणाऱ्या ड्युशेनच्या मुलांचं चालणं साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत थांबतं, औषधाने ते काही वर्षं पुढे जातं. म्हणजे खुर्ची येणार आहे हे ठरलेलं आहे, ती मुलाच्या उत्साहाच्या वयात यावी की थकल्यावर, एवढंच तुमच्या हातात.

खुर्ची घ्याल ती मापाची घ्या. दवाखान्यातली लोखंडी, झोळीसारख्या सीटची खुर्ची पाठीला वाकडं करते. हाताची ताकद कमी झाली की विजेवर चालणारी. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत सोळा वर्षांपुढच्यांना मोटारच्या खुर्चीसाठी मदत आहे आणि त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा उल्लेख आहे. सोळाच्या आत स्वतः, देणगीदार किंवा रोटरीसारख्या मंडळांकडून जमवावं लागतं. जॉयस्टिक हातात आल्यावर पहिल्यांदा मूल तुमच्यापासून लांब जातं, तुम्हाला न विचारता. तेवढ्यासाठीही पैसे वसूल.

मग बाहेर पडा. नेरूळच्या वंडर्स पार्कची, ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याकाठची वाट, खारघरचं सेंट्रल पार्क. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहेत आणि डब्याची पातळी फलाटाशी जुळते, त्यामुळे रविवारी दुपारी नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येणं हीसुद्धा सहल होते. लोकलला दिव्यांग डबा आहे, पण फलाटाची फट आणि गर्दी लक्षात घ्या. सोबत दोघे हवेत. जिथे जाल तिथे आधी फोन करून एकच विचारा: दारात पायऱ्या किती? ‘एकच आहे’ असं उत्तर आलं तर तीन धरा.

उपचार निवडताना

नव्या उपचाराचं नाव कानावर आलं की चार प्रश्न विचारा. याने त्याच्या आठवड्यात काय बदलेल? त्यासाठी आठवड्यातले किती तास जातील? खर्च किती, आणि तो कशातून काढायचा? पुरावा कोणाकडे आहे?

या चाळणीत रोजचं ताणणं, रात्रीचे स्प्लिंट, स्टिरॉइड, वर्षातून निदान एकदा हृदयाची व फुप्फुसांची तपासणी, हृदयाची वेळेत सुरू केलेली औषधं पास होतात. ती त्या मानाने स्वस्त आहेत आणि त्यांतली काही आयुष्यही लांबवतात. आठवड्याला सहा थेरप्या पास होत नाहीत. शाळा, क्लास, फिजिओ, ऑक्युपेशनल, पोहणं, मालिश करून मूल रात्री नऊला घरी येत असेल तर खेळायला कधी जाणार? वजन उचलण्याचे, थकवणारे व्यायाम तर या स्नायूंना घातकच.

स्टेमसेलबद्दल आपल्या भागात फार विचारलं जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेमसेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा, आणि अशा चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. पॅकेजचा आकडा सांगितला गेला की उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. जनुक-उपचाराचीही दुसरी बाजू बघा. एलेव्हिडिस या औषधाला अमेरिकेत जून २०२३ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हाची किंमत ३२ लाख डॉलर. २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा ते दिल्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. देशाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेन आहे, पण महागडे आणि दीर्घकालीन पुरावा अजून यायचा असलेले उपचार असलेल्या गटात. धोरणाखाली ठरावीक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईतलं केंद्र परळचं केईएम रुग्णालय. तिथे नाव नोंदवून ठेवा. पुढे एखादी चाचणी किंवा औषध आलं तर नोंद आणि जनुकीय अहवाल हाताशी हवा. घर विकून वाट मात्र बघू नका.

एक चिठ्ठी मुलाच्या पाकिटात आणि शाळेच्या दप्तरात कायम ठेवा: आजाराचं नाव, स्टिरॉइड सुरू आहे, भूल देताना सक्सिनिलकोलिन द्यायचं नाही, श्वास कमी पडला तर नुसता ऑक्सिजन लावून थांबू नये. दात काढायलासुद्धा ही चिठ्ठी दाखवा.

खरं सांगणं

‘मी मोठा झाल्यावर पळणार ना?’ या प्रश्नाला ‘हो, देवबाप्पा करेल’ असं उत्तर दिलं की मूल पुढचे प्रश्न तुम्हाला विचारणं सोडतं, मोबाइलला विचारतं. सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: तुझ्या स्नायूंत एक गोष्ट कमी बनते, म्हणून पाय लवकर दमतात, तुझं काही चुकलेलं नाही, डॉक्टर आणि आम्ही सोबत आहोत. अकरा-बाराव्या वर्षी तो ‘बरं होणार का’ विचारेल. ‘पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. पाय आणखी दमतील, हातही. हृदय आणि श्वास सांभाळायला औषधं आणि मशीन आहेत.’ मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. रडलात तरी चालेल, खोलीबाहेर जाऊन रडायची गरज नाही. या वयापासून दर भेटीत डॉक्टरांबरोबर दहा मिनिटं त्याची एकट्याची ठेवा. तो त्यांना काय विचारतो हे तुम्हाला कळलं नाही तरी बिघडत नाही.

रात्रीकडे लक्ष द्या. सकाळी डोकं दुखणं, वर्गात पेंग, रात्रीत कुशीवर वळवायला पाच-सहा हाका: ही आळशीपणाची लक्षणं नाहीत, झोपेत श्वास उथळ होत असल्याची असू शकतात. झोपेची तपासणी करून बायपॅप हे श्वासाला आधार देणारं मशीन सुरू झालं की मुलगा दिवसा वेगळाच दिसतो. पालक मशीनला ‘शेवट’ समजून वर्षभर टाळतात. आज श्वासाला आणि हृदयाला वेळेवर आधार मिळालेले ड्युशेनचे तरुण तिशी आणि त्यापुढे जगतात. इन्व्हर्टर घ्या आणि वीजवाहिनीच्या कामाच्या दिवशी चार्ज तपासून ठेवा.

आता तुमच्या कागदाकडे वळू. त्यावर ‘झोप’ असा रकाना घाला. रात्री कूस बदलायला आईबाबांनी वार वाटून घ्यावेत. ‘त्याला आईच लागते’ ही सवय असते, गरज नसते. धाकट्या भावंडाला आठवड्यातून एक तास पूर्ण एकट्याचा द्या. पैशांच्या बाबतीत दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आधी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. प्राप्तिकरात जुन्या करप्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजारांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. ‘निरामय’ विमा करा असं कोणीतरी सांगेलच. ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी आहे, नुसत्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी नाही, तेव्हा एजंटला पैसे देऊ नका. वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र आणि महापालिकेचा समाजविकास विभाग, या दोन ठिकाणी एकदा फाइल घेऊन जाऊन या. सोलनचं मानव मंदिर आणि पालकांनीच उभी केलेली बंगळुरूची डार्ट संस्था यांच्याकडून त्याच वाटेने गेलेल्या घरांची ओळख होते. पहिल्यांदा फोन करायला बाबांना सांगा. आई बहुधा आधीच बोललेली असते, बाबा कोणाशीच बोललेले नसतात.

अठरा वर्षं पूर्ण झाली की तो कायद्याने सज्ञान आहे. हातपाय चालत नसले तरी पालकत्वाचे कागद करण्याची गरज नाही, निर्णय त्याचे. त्याआधी वर्षभर बालरोग विभागातून मोठ्यांच्या न्यूरॉलॉजी, हृदय आणि श्वसन विभागाकडे फाइल हलवायला सुरुवात करा, मध्ये सहा महिने कोणाचाच पेशंट नसण्याची वेळ येऊ देऊ नका. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का ज्या गटाला आहे त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी येते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत घरून होणारी कामंही आहेत. बँकेत खातं त्याच्या एकट्याच्या नावावर उघडा; सही जुळेनाशी झाली तर अंगठ्याच्या ठशावर खातं चालवता येतं, तसं बँकेला लेखी कळवून ठेवा. आणि एटीएमचा पिन त्याच्याकडेच राहू द्या.